मागच्या बाजूचा शिक्का

अंजनीची मार्कशीट मी बिघडवली. हे आधीच सांगून टाकते.

अंजनी बदलापूरजवळच्या सोनिवलीची. वडील कोंडाजी भातशेती करतात. आई कौसाबाई आनंदनगरच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या पिशव्या सील करतात. आम्ही दोघी एकाच कॉलेजात होतो. मी साहित्य घेतलं, तिने वनस्पतिशास्त्र. गेल्या वर्षी, १९९१ च्या जूनमध्ये, दोघी पदवीधर झालो. तिला विद्यापीठात एम.एस्सी. करायचं होतं. कोंडाजींनी एकच अट घातली. "शिष्यवृत्ती मिळाली तर जा. नाय तर आईच्या बाजूला मशीनवर बस."

पंधरा जुलैपर्यंत अर्ज करणाऱ्यांचाच शिष्यवृत्तीसाठी विचार होईल, असं माहितीपुस्तकात छापलं होतं. अंजनीने मे महिन्यातच फॉर्म आणला. आधी पेन्सिलने भरला, मग पेनाने. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढली. बारावीला एका ऑफिसने तिचा फॉर्म हरवला होता. तेव्हापासून आपल्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय ती कुठलीच खिडकी सोडत नसे. मागची रांग ओरडायची. ती ढिम्म.

निकाल लागला. अंजनीला पहिला वर्ग मिळाला. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. मी तिची मार्कशीट मागून घेतली आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये नेऊन लॅमिनेट केली. दुकानातल्या सिंधी काकांनी ती गरमगरम हातात दिली. "ले बेटी. अब पानी में डाल, सौ साल कुछ नहीं होगा."

अंजनी खूश झाली. तिने ती उन्हात धरून पाहिली.

एक जुलैला आम्ही पहिल्या एसटीने विद्यापीठात गेलो. पहिल्या खिडकीवर अर्ज दिला. आवक क्रमांक चार. तिने झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही घेतली. दुसऱ्या खिडकीवर मूळ कागद तपासत होते. तिथल्या कारकुनाने मार्कशीट उलटी केली आणि परत सरकवली.

"मागे शिक्का मारावा लागतो. प्लास्टिकवर शाई धरत नाही."

"पण सगळं वाचता येतंय ना, साहेब?"

"येतंय की. शिक्का कुठे मारू, कपाळावर? डुप्लिकेट काढा. मार्कशीट हरवल्याचा पोलिसांचा दाखला जोडा. दोन महिन्यांत मिळेल."

"हरवलेली नाही. ही काय."

"मग हरवा."

मागचे दोघे हसले.

बदलापूरला उतरल्यावर अंजनी एवढंच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं?"

घरी कौसाबाईंनी मार्कशीट हातात घेऊन वाकवून पाहिली. "कोनाचा ह्यो उद्योग?"

"माझा," मी म्हटलं.

"पैशे देऊन?"

"हो, मावशी."

"बी.ए. ना गो तू?"

त्यांनी शेजारून इस्त्री आणवली. "दिवसभर मी ह्येच चिकटवते. चिकटवता येतंय तर सोडवता पन येतंय." मार्कशीटच्या पाठीवर फडकं टाकून त्यांनी हलकी इस्त्री फिरवली. कोपरा तापला की ब्लेडने उचलायचा, पुन्हा इस्त्री. पुढचं प्लास्टिक तसंच ठेवलं. पाऊण तास लागला. अंजनी दाराकडे तोंड करून बसली होती. खालच्या कडेला कागदाचा बोटभर पापुद्रा निघाला. अक्षर एकही गेलं नाही.

तीन तारखेला पुन्हा तीच खिडकी, तोच कारकून.

"ही तर सोललीय. छेडछाड केलेली मार्कशीट चालत नाही."

"प्लास्टिक नको, असं तुम्हीच म्हणालात."

"नको म्हणालो. सोला म्हणालो का?"

"मग लिहून द्या. एक तारखेला प्लास्टिक होतं म्हणून घेतली नाही. तीन तारखेला प्लास्टिक काढलं म्हणून घेतली नाही. खाली सही करा."

तो लिहीना. साहेबांना भेटा म्हणाला. साहेब दौऱ्यावर. आठ तारखेला गेलो, साहेब दौऱ्यावर. बारा तारखेलाही. सोळा तारखेला ते खुर्चीत सापडले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"मुदत काल संपली. प्रवेशाचं बघू. शिष्यवृत्ती मिळणार नाही."

अंजनीने झेरॉक्स टेबलावर आपटली.

"आवक क्रमांक चार. एक जुलै. तुमचाच शिक्का, तुमच्याच माणसाची सही. मी पहिल्या दिवशी आले. जागेवर नव्हतात ते तुम्ही. मग मुदत माझी कशी संपली?"

"अहो, आवाज खाली."

"चार खेपा घातल्या तेव्हा खालीच होता."

बाहेरची रांग दारात गोळा झाली. साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग झेरॉक्सकडे. कारकुनाला बोलावलं. त्याने शिक्का आणला आणि मार्कशीटच्या पाठीवर मारला. शिक्का स्वच्छ उमटला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्या अर्ध्या मिनिटासाठी तिला सोळा दिवस नाचवलं. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. "मग हरवा" म्हणणारा तर मान वर न करता पुढचा कागद घेत होता. त्याच्या खिडकीवरून किती मुली पहिल्याच दिवशी परत गेल्या असतील? त्यांच्या हातात पोच नसणार. घरात इस्त्री चालवणारी कौसाबाई नसणार. माझ्यासारखी शहाणी मैत्रीण मात्र एखादी असेलच.

ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीची यादी लागली. अंजनीचं नाव होतं. वसतिगृहावर जायला निघाली तेव्हा मी तिची पिशवी उचलली आणि विचारलं, "अजून रागावलीयस?"

"हो," ती म्हणाली आणि पिशवी माझ्याकडून काढून घेतली.

परवा तिचं पत्र आलं. सोनिवलीच्या दोन मुली यंदा बी.एस्सी.ला बसल्यात. त्यांचे फॉर्म मेमध्येच आण, पेन्सिलने भरून घे, झेरॉक्सवर पोच घ्यायला शिकव, असं तिने लिहिलंय. खाली एक ओळ जास्तीची आहे.

"त्यांच्या मार्कशीटला तू हात लावू नकोस."