गाव न सोडणारा क्लब

माझी बायको बास्केटबॉल खेळायची. नागपूरच्या कॉलेजात ती टीमची गार्ड होती, आणि उंची जेमतेम पाच फूट. लोकरीच्या रंगांवर संशोधन करायला ती तरुणपणी उत्तर इटलीतल्या एका गिरणीच्या गावी गेली आणि दोन वर्षं राहिली. त्या गावात एक पद्धत होती. परका माणूस राहायला आला की रविवारी कुणीतरी त्याला जेवायला बोलवायचं आणि जेवण झालं की गावाच्या क्लबची मॅच पाहायला न्यायचं. घरमालकिणीने हिच्यासाठी बटाट्याचं काहीतरी केलं आणि मग हॉलवर नेलं. पुढे आमचं लग्न झालं, आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला आलो, मुलगी झाली, पण तो क्लब काही सुटला नाही. माझ्या आधीपासूनचा होता तो, त्यामुळे मीही कधी तक्रार केली नाही.

आमच्याकडे रविवारी सकाळचे अकरा वाजले की तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात. ती टीव्हीसमोर बसायची आणि मी त्याच खोलीत पुस्तक घेऊन. आयुष्यभर लायब्ररीत काम केल्यामुळे मला गोंगाटात वाचता येत नाही असं सगळ्यांना वाटतं. तिच्या आवाजात मात्र येत असे. ती इटालियनमध्ये ओरडायची आणि मराठीत समजावून सांगायची. क्लबचा इतिहास मी असा, पानं उलटता उलटता ऐकला. गिरणीतल्या कामगारांनी आणि शाळेतल्या मास्तरांनी मिळून तो काढला. पहिलं मैदान गिरणीच्या आवारात होतं, जिथे धुतलेली लोकर वाळत घालायचे. पाळीचा भोंगा झाला की खेळ अर्धा सोडून अर्धी टीम कामावर जायची. पुढे हॉल झाला. एकदा, फक्त एकदाच, ते देशात पहिले आले. दोनदा खालच्या लीगमध्ये गेले आणि दोन्ही वेळा परत वर आले. गिरणी बंद पडली तरी क्लब चालू राहिला.

"इथल्या टीम गाव बदलतात," ती म्हणायची. "मालकाला वाटलं की गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात. हे कुठे जाणार? हरले तर तिथेच हरतात आणि सोमवारी त्याच बेकरीत पाव आणायला जातात."

मागल्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी ती गेली.

त्यानंतरच्या एका रविवारी अकराला टीव्हीवर मॅच सुरू होत असल्याची सूचना आपोआप आली. ती बंद करावी म्हणून रिमोट उचलला आणि भलतंच बटण दाबलं. हॉल समोर आला. मी पुस्तक न घेता बसलो. कॅप्टन ओळखू आला, कारण त्याचे दोन्ही गुडघे बांधलेले असतात. तो त्याच गावात वाढला, त्याचे वडील क्लबची बस चालवायचे. बॉल त्याच्याकडे आला की क्षणभर सगळं संथ होतं आणि मग दुसराच कुणीतरी मोकळा सापडतो. सेनेगलचा उंच सेंटर ओळखू आला, त्याला ती 'आमचा खांब' म्हणायची. आणि इलिनॉयचा गार्ड. आमच्या घरापासून थोड्या अंतरावरच्या मक्याच्या शेतांतला मुलगा, एका सीझनसाठी म्हणून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. "बघ, आपण उलट आलो," असं ती त्याच्याबद्दल म्हणायची. कोण कुठे धावणार हे मला आधीच कळत होतं. इतकी वर्षं मी वाचत होतो असं मला वाटत होतं, पण मी ऐकतही होतो.

मग दर रविवारी बसू लागलो. बाकी आठवड्यात घरात तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला की तो येत नसे. त्या दोन तासांत मात्र न बोलावता येई.

मार्चमध्ये एका रविवारी टीव्ही लावला तर मैदान रिकामं. खेळाडू नाहीत, प्रेक्षक नाहीत. घाबरून तिच्या मैत्रिणीला फोन केला. दोघी नागपूरला एकाच टीममध्ये होत्या आणि ती आमच्या जवळच राहते. माझी मुलगी तिला मावशी म्हणते.

"भाऊजी, काय पाहून राहिले? आपलं घड्याळ आज पुढे गेलं. त्यांचं अजून दोन-तीन आठवड्यांनी जाईल. एक तास बसा आता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही पुस्तकातून डोकं काढलं असतं तर सांगितलं असतं ना तिने!"

मी तो तासभर बसलो. कॅमेरा चालू होता. एक म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दिवे लावत फिरला. मग कॅप्टन एकटाच आला, रिंगखालची फरशी टॉवेलने पुसली आणि इलिनॉयचा गार्ड आल्यावर त्याला नुसते पास देत राहिला. स्वतः एकदाही बास्केटकडे बॉल टाकला नाही. इतकी सुंदर गोष्ट मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

पण टीम हरत होती. मे महिन्यात शेवटची मॅच आली तेव्हा हिशोब सोपा होता, जिंकले तर राहणार, हरले तर खाली. खालच्या लीगच्या मॅच अमेरिकेत कुठेच दिसत नाहीत. माझे रविवार त्या एका मॅचवर अवलंबून होते. हे मी कुणाला बोललो नाही, पण मुलगी दूर पार्सिपनीला राहते, तिथून विमानाने आली, म्हणजे तिला कळलं असावं. मावशीही आली.

"वेट, हरले तर लीगमधून काढणार? लिटरली?" मुलगी म्हणाली. "दॅट्स सो मीन, बाबा. इथे तर शेवटच्या टीमला ड्राफ्टमध्ये बेस्ट प्लेअर मिळतो."

"इथे लाड करतात," मावशी म्हणाली. "तिथे खाली उतरायचं आणि आपल्या पायांनी परत चढायचं. तुझी आई अशीच खेळायची. पडली की आधी बॉल शोधायची, मग चष्मा."

"आई चष्मा लावून खेळायची?"

"दोरी बांधून!"

आम्ही तिघंही हसलो. तिकडे तिसऱ्या क्वार्टरमध्येच मॅच हातातून गेली होती. खांबाला पाच फाउल होऊन बाहेर बसावं लागलं, गार्डचा लांबून टाकलेला एकही थ्री पडेना. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कोचने कॅप्टनला बाहेर बोलावलं. ही त्याची शेवटचीच मॅच असावी तसा अख्खा हॉल उभा राहिला. समोरची टीमही टाळ्या वाजवू लागली. भोंगा झाला, ते खाली गेले, आणि कुणीही घरी गेलं नाही. कॅप्टन पुढच्या रांगेतल्या एकेका माणसाशी हात मिळवत मैदानाभोवती फिरला. मग माइक घेऊन काहीतरी बोलला आणि लोक गाऊ लागले. तो काय म्हणाला हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं. प्रक्षेपण संपलं. पडदा काळा झाला आणि मुलीने माझा हात धरला.

जुलैमध्ये मुलीचा मेसेज आला. कॅप्टनने अजून एक वर्ष खेळायचं ठरवलं होतं आणि इलिनॉयचा गार्डही, वरच्या लीगमधून बोलावणं असताना, थांबला होता. त्याखाली तिने एक लिंक पाठवली होती. त्या गावाचा रेडिओ. व्हिडिओ नाही, फक्त आवाज.

आता रविवारी मावशी पोहे घेऊन येते. आम्ही रेडिओ लावतो, मुलगी तिकडे पार्सिपनीला तोच लावते. मला आकडे समजतात, आणि बायको जे शब्द ओरडायची तेवढे. बाकीचं अंदाजाने. परवा रेडिओवर मॅच सांगणारा एकदम किंचाळला.

"आपलाच बास्केट!" मावशी म्हणाली.

"कशावरून?"

"अहो भाऊजी, त्याचं पण गाव तेच आहे ना. दुसऱ्याच्या बास्केटला कोण एवढा घसा फोडेल?"

मी आवाज वाढवला.