देडतलाईला गेलेली मांड्यांची गाडी

ये, अशी जवळ सरक. तू तिकडे इंदूरला, मी इकडे बऱ्हाणपूरच्या लालबागला, तरी म्हणते जवळ सरक. मला तुला जरा रागवायचंय, आणि लांबून रागावलं की ते भांडणासारखं वाटतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, माझ्या दिराच्या लग्नाला याल तेव्हा दुसरी गाडी करून या हं. ती मांड्यांची गाडी फोटोत येते, आमच्याकडचे हसतात. पुसूनच टाका ना ते सगळं आता." पुसून टाका! जशी काही पाटीवरची बेरीज. बाई गं, ती गाडी एकदा पुसायला निघालेच होते मी. तुला ते ठाऊक नाही म्हणून बोललीस, म्हणून हे पत्र. आता ऐक, आणि मधे हं हं करू नकोस.

गाडी रंगवायची कल्पना माझ्या सुनेची, तुझ्या वहिनीची. मी खापरावर मांडे करते हे आपल्या गल्लीला ठाऊक होतं, गल्लीच्या पुढं कोणाला? लोक म्हणायचे, "बऱ्हाणपुरात अजून कोणी करतं का मांडे? आम्ही आपलं पुरणपोळीवर भागवलं." हे ऐकलं की मी समजवायला बसायची. पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. मांडा हातावर झुलवायचा असतो, पुरण भरलेला कणकेचा उंडा या हातावरून त्या हातावर घेत घेत कोपरापर्यंत वाढवायचा आणि मग चुलीवर उलट्या ठेवलेल्या खापरावर अलगद सोडायचा. एकीवर दुसऱ्याचं कसं भागेल?

तर तुझ्या दादानं शाळेत जायला-यायला जुनी पांढरी व्हॅन घेतली. वहिनी म्हणाली, "आई, ही रोज सगळं गाव हिंडते. हिच्यावरच लिहू या की." दादा कुरकुरला, "मी मास्तर माणूस. पोरं मला मांडेवाले सर म्हणतील." वहिनी म्हणाली, "म्हणू देत. खाताना नाही लाजत तुम्ही." झालं, मिटलं.

पेंटर मिळाला तो ट्रक रंगवणारा. एका बाजूला मराठीत लिहिलं, दुसऱ्या बाजूला हिंदीत: खापरावरचे पुरणाचे मांडे, लग्न, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, ऑर्डरप्रमाणे. दोन्हीकडे हातावर मांडा घेतलेली बाई काढली, पण ती मांडा घेऊन उभी आहे की टॉवेल वाळत घालतेय ते कळेना. शेजारी मोर. मागच्या दारावर त्यानं आपल्या मनानंच लिहून टाकलं, "ख़ुशी के मौक़े पर हमें याद करें."

मी म्हटलं, "भैया, यहाँ मोर का क्या काम?"

"अम्मा, मोर तो मैं सबको बनाता हूँ. उसके पैसे नहीं लूँगा."

पण खरं सांगते, गाडीनं काम केलं. रस्त्यात लोक काच वाजवून दादाला थांबवायचे, "सर, साखरपुडा है, मांडे मिल जाएँगे?" आणि सर संध्याकाळी वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर ऑर्डरी घेऊन घरी यायचे.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते, देडतलाईच्या. आम्ही दोघी असीरगढच्या, किल्ल्याच्या पायथ्याशी भिंतीला भिंत लावून वाढलो. मांडे मला माझ्या आईनं नाही शिकवले, तिच्या आईनं शिकवले. शिकवायला बसली होती ती लेकीला, पण लेकीचा मांडा खापरावर जाईस्तोवर त्याच्या चिंध्या व्हायच्या. तिची आई म्हणायची, "तू राहू दे वं माय, तू नुसती खा." मी शेजारून बघता बघता शिकून गेले. मग तिला देडतलाईच्या शेतकऱ्याकडे दिली, मला इथं शहरात. तिचे आई-वडील गेले, एकुलता भाऊ गेला, घर विकलं गेलं. माहेरचं म्हणावं असं तिला आता कोणी राहिलं नाही. मीच काय ती.

यंदाच्या कापूस वेचणीत तिचे मालक शेतातून आले, पाणी मागितलं आणि भांडं हातात घेतल्या-घेतल्या गेले. फोन आला तसे आम्ही तिघं नेसत्या कपड्यांनी निघालो. गाडीवर काय लिहिलंय हे कोणाच्या डोक्यात असणार! वाटेत एका टपरीवर दादा पाण्याची बाटली घ्यायला उतरला. टपरीवाला हसतमुख, मला म्हणाला, "शादी में जा रहे हो क्या, माँजी?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग आम्ही तिघांनी गाडीकडे बघितलं.

"माघारी फिर," मी दादाला म्हटलं.

"आई, एवढं आलो. आणि घरी काय दुसरी गाडी उभी आहे?"

वहिनीनं खिडकीत ओढणी अडकवून पाहिली, ती वाऱ्यानं उडायला लागली. शेवटी एका केळीच्या बागेला पाणी सोडलेलं दिसलं. तिथं थांबलो आणि तिघांनी ओंजळी भरभरून चिखल आणला, सारवल्यासारखा गाडीला थापला. लग्न झाकलं, साखरपुडा झाकला. मोराची मान काही झाकेना, दादानं तिच्यावर दोनदा चिखल मारला.

घरी पोचलो तर ती आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली, भिंतीला टेकून. मी गळ्यात पडले, मोठ्यानं रडले. ती रडली नाही. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं माझंच कोणी गेलंय. एका बाईनं कानात सांगितलं, "त्या दिवसापासून डोळ्यांतून टिपूस नाही काढलं हिनं. जेवणाचं म्हणाल तर दोन घास गिळते अन् ताट सारते." मी तिचा हात हातात धरून बसले. तो हात थंडगार, लाकडासारखा.

बाहेर ऊन तापलं होतं. उन्हानं चिखल वाळला, तडकला आणि खपल्या खपल्या होऊन पडायला लागला. आम्हाला आत काय कळणार? अंगणातून तिच्या जावेचा आवाज आला, चांगला खणखणीत. "अगं बाई! लग्न, साखरपुडा, बारसं... ख़ुशी के मौक़े पर! दुःखाच्या घरी दुकान घेऊन आली काय वं ही? मग भावही लिहायचा होता. इथंच ऑर्डर दिली असती आम्ही."

माझे कान तापले. मैत्रिणीनं मान वळवून खिडकीतून बाहेर बघितलं, आणि दुसऱ्या क्षणाला पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले. पदराआडून असा काही आवाज आला की बायका म्हणाल्या, "रडली बाई, रडली एकदाची. होऊ द्या मोकळी."

मी मात्र दगडासारखी बसले. मनात म्हटलं, तिला रडवलं ते मी. तिच्या बाजूचं एकच माणूस उरलं होतं, तेही असा तमाशा घेऊन दारात आलं. अशा घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत, नुसतं उठून चालू लागतात. त्या दिवशी ते बरंच झालं. माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

घरी आल्यावर मला अन्न गोड लागेना. वहिनी म्हणाली, "आई, त्यात तुमची काय चूक? गाडी होती ती नेली."

मी म्हटलं, "चूक नसेल. पण तिला तो दिवस आठवला की ही गाडी आठवेल, आणि गाडी आठवली की मी. बोलव त्या पेंटरला. सगळं पांढरं करून टाकू दे."

पेंटर आला, पण नाराज. "अम्मा, मोर तो रहने दो. मोर का क्या कसूर?" मी म्हटलं, "मोर भी." हिंदीची बाजू त्यानं पांढरी केली. मागचं दार केलं. मराठीच्या बाजूला ब्रश लावणार तेवढ्यात माझा फोन वाजला. मैत्रीण होती.

"काय करतेस?" आवाज खोल गेलेला.

"काही नाही. गाडी पांढरी करून घेतेय."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या जाऊबाई बोलल्या ते काय खोटं होतं? तुला केवढं रडवलं मी."

ती म्हणाली, "येडी आहेस का वं? मी हसत होते."

"काय?"

"हसत होते! खिडकीतून पाहिलं तर चिखलाची खपली पडली आणि आतून मोरानं मान काढली. माझ्याकडेच बघत होता मेला. आता हसले तर लोक काय म्हणतील? म्हणून पदर कोंबला तोंडात. आवरेचना. आणि मग हसता हसता ते आठवले. असं काही घडलं की मी घरी येऊन त्यांनाच सांगायची ना. आता सांगू कोणाला? मग खरंच रडू आलं."

मी फोन धरून अंगणातच खाली बसले. पेंटर ब्रश हातात घेऊन बघत उभा.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "ती माझ्या आईची विद्या आहे. आणि ऐक, तेरावं झालं की तोंड गोड करायला माहेरचं माणूस लागतं. माझ्या माहेरचं कोण येणार? तू ये. खापर घेऊन ये. आणि त्याच गाडीतून ये."

आपल्याकडे ते असतंच, तुला माहीत आहे. माहेरचे येऊन घास भरवतात, त्यानंतर ती बाई पुन्हा गोडधोड खायला लागते. आम्ही गेलो, एका बाजूनं पांढऱ्या आणि एका बाजूनं मोर असलेल्या गाडीतून. दादानं मोराची बाजूच अंगणाकडे करून गाडी लावली. जाऊबाईंनी तोंड उघडलं तशी मैत्रीण आतूनच म्हणाली, "वैनी, माझ्या माहेरची गाडी आहे ती."

तीन दगड मांडले, खापर तापवलं. पहिला मांडा कडेला जरा जाड राहिला. घडी घालून, वर तूप सोडून तिच्यापुढं धरला. ती त्या घडीकडे बघतच राहिली. खाईल की ताट सारेल, मला धीर धरवेना. मग तिनं एक तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला.

"जाड झालाय," ती म्हणाली. "आईचा यापरीस पातळ असायचा."

"मग तू कर की!"

ती खरंच उठली. बांगड्या नसलेले हात पाण्यात बुडवले आणि उंडा हातावर घेतला. मांडा कोपरापर्यंतही पोचला नाही, मधेच भोक पडून पुरण चुलीत. बायकांनी तोंडाला पदर लावले. ती म्हणाली, "हसा वं, हसा. आई पण हसायची." मग खाली बसली आणि तो पहिला, जाड मांडा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. जाऊबाईंनी आपलं ताट पुढं केलं, त्यांनाही वाढला मी.

मग रिवाजाप्रमाणे ती माहेरी राहायला जायला हवी होती, ती आली माझ्याकडे. म्हणजे आत्ता इथंच आहे. मी लिहितेय आणि ती समोर तांदूळ निवडतेय. ऑर्डरीचा फोन आला की माझ्या आधी उचलते आणि लोकांना विचारते, "दूध घालून खाणार का आमरस?" आमरस आत्ता कुठून आणायचा ते मला निस्तरावं लागतं. जेवते बरी. पण दुपारी मधेच हात थांबतो तिचा, दाराकडे बघत बसते. मी बडबड करते, तुला माझी बडबड ठाऊकच आहे, तरी माझी एकटीची तिला पुरत नाही. तुझी फार आठवण काढते, "ती इंदूरवाली हसरी पोरगी कधी येते?" म्हणून. शेतीचं बघायला ती लवकरच परत जाईल. लग्नाचं, फोटोचं नंतर बघू. ती इथं आहे तोवर दोन दिवसांसाठी का होईना, ये बाळा. लवकर ये.