बायकांच्या माडीचा कठडा

इंदिरानगरला आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. निवृत्त नर्स. बेने इस्रायली ज्यू. माहेर कोकणातल्या एका खेड्यातलं. सातपूरला माझं लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. एकदा मला जिन्यातच थांबवून म्हणाल्या, "आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये माडीचा कठडा मोडलाय. बघून येशील का रे माझ्यासोबत?"

गेलो. बाहेरून साधी कौलारू इमारत. दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या धातूच्या नळीला काकूंनी बोटं लावली, ती ओठांना लावली आणि आत शिरल्या. मी डोक्यावर रुमाल बांधला. मधोमध प्रार्थना म्हणायचा लाकडी चौथरा. पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं कपाट. छताला काचेचे दिवे. आणि वर तिन्ही बाजूंनी बायकांची माडी, अस्सल सागवानी. कठड्याचे कातीव दांडे इतके सुबक, की मी बराच वेळ नुसता हात फिरवत राहिलो.

मोडलेल्या दांड्यांची मापं घेताना एका जागी चौकोनी, ओबडधोबड पट्टी दिसली. म्हटलं, "हीपण बदलतो. मूळची नाही ही."

काकू लाजल्याच. "ती माझ्यामुळे आहे. सहा वर्षांची होते. खाली वडील प्रार्थना म्हणत होते, ते नीट दिसेनात म्हणून डोकं घातलं दांड्यांमधून. अडकलं! सणाचा दिवस, कामाला मनाई, म्हणून आमच्यात कुणी हत्यार धरेना. शेवटी शेजारचा हिंदू सुतार धावत आला, एक दांडा कापला. आई रडत होती, आणि वडील मला कडेवर घेऊन हसत होते."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्यानंच ही पट्टी ठोकून दिली. राहू दे ना ती."

मी पट्टी ठेवली. फक्त तिचे गंजलेले खिळे काढून नवे मारले.

पंधरा दिवसांनी नवे दांडे घेऊन परत गेलो, तेव्हाही काकू सोबत होत्या. गुडघे दुखत असतानाही एकेक पायरी चढत वर आल्या. देखभाल करणारे म्हातारे काका खालून म्हणाले, "बाई, खाली बसा की. आता कोण बघतंय?"

"आई वरच बसायची," काकू म्हणाल्या.

गावात आता ज्यूंची दोनच घरं उरलीत. काकांनी खाली एकट्यानंच हिब्रू प्रार्थना सुरू केली. थोड्या वेळानं वरून काकूंचा बारीक, कापरा आवाज त्यात मिसळला. मला एक शब्दही कळत नव्हता. शेवटचा दांडा बसवायचा राहिला होता, पण मी ड्रिल बाजूला ठेवलं आणि माडीच्या पायरीवर बसून राहिलो.