दहा ते दोन बंद पडणारे नेट

बुधवार, सकाळचे साडेअकरा, मुलुंडमधील आमचे पोलीस ठाणे. हजर: मी, हवालदार, तक्रारदार, संशयित. निवृत्तीनंतरही ही हजेरी मला पाठ आहे.

तक्रारदार घरून काम करणारा तरुण. गच्चीवरून त्याच्या घरात आलेली फायबरची वायर कोणीतरी कापते, असा अर्ज होता. नेट बंद पडल्याच्या वेळा त्याने लिहून आणल्या होत्या. संशय नेट कंपनीच्या लाइनमनवर, कारण दोघांचे भांडण झाले होते. वॉचमननेही खबर दिली होती, "तो न विचारता गच्चीवर जातो."

मलाही लाइनमन खोटा वाटला. त्याची नजर सारखी दाराकडे.

"सरळ सांग रे, कशाने कापलीस?" हवालदारांनी विचारले.

"मी कशाला माझीच वाट लावू? ठेकेदार म्हणालाय, पोलिसात नाव गेलं तर उद्यापासून येऊ नको."

"मग गच्चीवर काय करत होतास?"

"यांचीच कंप्लेंट, साहेब. मी पोचेपर्यंत नेट आपोआप चालू! आत केसाएवढी काच असते. कापली तर मशीनने जोडावी लागते. ही कोणीतरी दुमडतंय. दुमडली की उजेड पुढे जात नाही."

मी यादी पुन्हा वाचली. दहा ते दोन. सोमवार, बुधवार, शनिवार. आज बुधवारच. चौघेही तक्रारदाराच्या घरी गेलो.

नेटच्या डब्यावर लाल दिवा. गॅलरीत आडव्या गेलेल्या काळ्या वायरवर ओल्या चादरी आणि जीन्स. वजनाने वायर ग्रिलच्या कडेवर दुमडली होती.

"अगं बाई, पोलीस?" तक्रारदाराची आई बाहेर आली. "दोरी तुटली ना, म्हणून हिच्यावर टाकते. तीनदाच तर मशीन लावते आठवड्यात."

लाइनमनने कपडे उचलून वायर सरळ केली. दिवा हिरवा झाला.

"तक्रार चुकीची होती, असे लिहून द्या," मी मुलाला म्हणालो.

"मिटलं ना साहेब, लेखी कशाला?"

खाली उतरताना लाइनमन म्हणाला, "ठेकेदाराला दाखवायला कागद लागेल, साहेब. सकाळपासून तो ठाण्याच्या दारातच उभा आहे."

तेव्हा कळले, त्याची नजर दाराकडे का होती. संशयिताची नजर कुठे जाते ते मी नेहमी टिपत असे. तिथे कोण उभे आहे, तेही बघावे, हे त्या दिवशी शिकलो. "पत्र मी देतो," म्हणालो. मग बंदोबस्त लागला. पंधरा दिवसांनी त्या इमारतीत दुसराच लाइनमन दिसला.

झालेल्या प्रत्येक कामापुढे मी डायरीत बरोबरची खूण करतो. 'लाइनमन, ठेकेदाराला पत्र' यापुढची जागा अजून कोरी आहे.