सुभेदारांनी पसंत केलेला कॅमेरा

आमच्या सिनेमाचे ध्वनिमुद्रक चोवीस वर्षं तोफखान्यात होते. त्यात काही वावगं आहे असं मला, म्हणजे दिग्दर्शिकेला, शूटिंग संपेपर्यंत वाटलं नाही.

हे ध्वनिमुद्रक म्हणजे आमचे हे. निवृत्त सुभेदार. मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्षानुवर्षं नाटकं बसवल्यावर मला असं वाटायला लागलं की आपण सिनेमाही काढू शकू. छोटासा, वीस मिनिटांचा. गोष्ट माझीच होती. दोन बहिणींचा जमिनीच्या तुकड्यावरून अबोला असतो आणि म्हातारपणी एका दुपारी त्या समोरासमोर येऊन बोलतात. (खूप बोलतात. लिहिणारी मराठीची बाई होती.)

मोठ्या बहिणीच्या कामाला ह्यांची थोरली बहीण, आमच्या घोटीच्या अक्का. त्यांनी आयुष्यात कधी तोंडाला रंग लावला नव्हता, पण चेहरा असा की नुसत्या बसल्या तरी बघत राहावं. धाकटीच्या कामाला आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या निर्मलाबाई. दोघींपैकी कुणालाही मानधन द्यायचं नव्हतं. प्रश्न फक्त कॅमेऱ्याचा होता.

त्यासाठी स्वयंपाकघराचा ओटा बदलायला ठेवलेले पैसे होते. तेवढ्यात बसेल असा कॅमेरा शोधायचा म्हणून मी दोन महिने अभ्यास केला. शंभर पानी वही घातली. मोबाइलवर व्हिडिओ बघून सेन्सर, लेन्स, फ्रेम, स्टॅबिलायझर असे शब्द लिहून काढले आणि त्यांच्यापुढे मराठीत अर्थ लिहिले. निर्मलाबाई म्हणाल्या, "अहो, मोबाइलवर काढतात हल्ली." मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती चाळून परत दिली.

कॅम्पाच्या बाजारात रफिकभाईंचं दुकान आहे. लग्नांचं शूटिंग करतात, वापरलेले कॅमेरे विकतात, तिथेच मागच्या खोलीत एडिटिंगही करून देतात. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन गेले. हेही बरोबर आले. खरेदीला हे नेहमी दुकानाबाहेर उभे राहतात. त्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून आत आले.

रफिकभाईंनी काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक खांद्यावर घ्यायचा, जुना, दिसायला भारदस्त. दुसरा छोटा, काळा, सुबक. त्यात माणूस स्वच्छ दिसायचा आणि मागचं सगळं धूसर. मी त्याच्या प्रेमातच पडले. तिसरा मधल्या आकाराचा, कोपरे घासलेला, कुणाच्या तरी बारशापासून मुंजीपर्यंत वापरलेला असावा.

"मॅडम, तुमच्या सिनेमात बोलणं जास्त आहे का मारामारी?" रफिकभाईंनी विचारलं.

"बोलणं."

"मग हा तिसरा घ्या. ह्याला माइक बाहेरून लावता येतो आणि हेडफोनसुद्धा. रेकॉर्ड होताना ऐकता येतं. त्या छोट्यात ते नाही. चित्र थोडं कमी असलं तर लोक बघून घेतात. आवाज खराब असला की उठून जातात."

मी वही उघडली. वहीत आवाजाचं पान नव्हतं. तरीही मी छोट्याच्याच बाजूने बोलत होते, तेवढ्यात रफिकभाईंनी तिसऱ्याला माइक जोडला आणि हेडफोन ह्यांच्यापुढे धरले. "साहेब, तुम्ही ऐकून बघा."

ह्यांनी हेडफोन लावले. दुकानातला चहावाला ग्लासात चमचा फिरवत होता. ह्यांनी मान वळवून त्या ग्लासाकडे बघितलं. मग वर पंख्याकडे बघितलं. मग रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्याकडे बघितलं. असं बराच वेळ चाललं. रफिकभाई काहीतरी समजावून सांगत होते, हे चाक कशाचं, ते बटण कशाचं. मी त्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघत होते. शेवटी ह्यांनी हेडफोन काढले आणि म्हणाले, "हाच घे."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तोवर साडीपासून फ्रिजपर्यंत कुठल्याही खरेदीत ह्यांनी मत दिलं नव्हतं. मी इतकी चकित झाले की तो कॅमेरा घेऊन टाकला. घरी येताना रिक्षात ह्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आवाजाचं मी बघतो."

मला भरून आलं. माझ्या सिनेमात ह्यांनी आपणहून काम मागितलं होतं.

दिवाळीनंतर भात कापून झाल्यावर आम्ही घोटीला गेलो. अक्कांच्या खळ्यावर दोन दिवस शूटिंग केलं. कॅमेऱ्यामागे मी, माइक एका बांबूला बांधलेला, आणि खुर्चीवर हेडफोन लावून हे. फौजी माणूस, कामात कसूर नाही. पाठ ताठ, एक हात कॅमेऱ्याच्या बाजूच्या चाकावर. प्रत्येक शॉट झाला की मी विचारायची, "आवाज?" आणि हे अंगठा वर करायचे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका कोपऱ्यात दोन छोट्या पट्ट्या वरखाली हलायच्या. पहिल्या शॉटच्या आधी, तालमीत, त्या हिरव्या होत्या. नंतर त्या टोकापर्यंत लाल व्हायला लागल्या. मी वहीत लिहिलं, 'लाल पट्टी म्हणजे रेकॉर्डिंग चालू.' पट्टी लाल दिसली की मला हायसं वाटायचं.

अक्कांनी माझे संवाद पाठ केलेच नाहीत. "सुनंदा, इतकं कोन बोलतं गं? बहीन बहिनीला इतकं बोलत नाय," असं म्हणून त्या आपल्याच मनाने बोलायच्या. मी रागावायची आणि पुन्हा शॉट घ्यायची. हे मात्र खुर्चीवर असे बसले होते, जसे कुणी देवळात बसतं. एकदा अक्का निर्मलाबाईंना म्हणाल्या, "तू येशील म्हून मी दार लावलंच नाय कधी." ते वाक्य माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मी 'कट' म्हणून वळले तर ह्यांचे डोळे पाण्याने भरलेले. मला वाटलं, माझं दिग्दर्शन.

पुढच्या रविवारी रफिकभाईंच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. त्यांनी पहिला शॉट चालू केला. चित्र छान होतं. खळं, पेंढ्या, अक्कांचा चेहरा. मग अक्कांनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून जो आवाज आला, तो मी फक्त फायरिंग रेंजच्या बाजूने ऐकला होता. रफिकभाईंनी घाईने आवाज कमी केला. तो कमी आवाजात तसाच गडगडत राहिला. दुसरा शॉट, तिसरा, दहावा. बाहेर बाजारात माणसं थबकून आत बघायला लागली.

"मॅडम, आवाज फाटलाय," रफिकभाई म्हणाले. "सगळाच. रेकॉर्डिंगचं चाक कुणीतरी फुल करून ठेवलंय. कानातला आवाज वाढवायचं बटण वेगळं होतं. मी सांगितलं होतं."

"दुरुस्त होईल ना?"

"नाही होत. तुम्हाला पट्ट्या लाल दिसल्या नाहीत?"

मी वही मिटून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्याच्या चुकीकडे वळले.

"अहो, दोन दिवस कानाला लावून बसला होतात. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

ह्यांची नजर पडद्यावरच होती. मी तोच प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारला. मुलांना विचारते तसा.

"येत होतं," हे म्हणाले. "म्हणूनच."

रफिकभाई उठले. "चहा सांगून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दुकानात चहा नुसत्या हाकेवर येतो.

"अक्का बोलायच्या आधी श्वास घेते," हे पडद्याकडे बघत म्हणाले. "तो पण ऐकू यायचा. चाक थोडं फिरवलं की अजून स्पष्ट व्हायचं. म्हणून फिरवत गेलो. अक्काचा आवाज आईसारखा झालाय. मला माहीतच नव्हतं."

"आणि एरवी?"

"एरवी तोंडं हलताना दिसतात. अंदाज येतो."

 स्टाफरूममध्ये मी एक विनोद नेहमी सांगत असे, की आमच्या ह्यांना 'जेवायला चला' एवढंच ऐकू येतं. सगळ्या बाया हसायच्या. त्या खोलीत बसून मला कळलं की तेही ऐकू येत नव्हतं. माझ्या हातात ताट दिसायचं. टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून मी भांडायची, फोनवर मुलीशी दोन वाक्यं बोलून फोन माझ्याकडे देतात म्हणून टोमणे मारायची. आणि सिनेमा काढायच्या आधी निर्मलाबाईंना मी सांगितलं होतं, दिग्दर्शकाचं मुख्य काम म्हणजे माणसांचं निरीक्षण.

त्याच आठवड्यात आम्ही नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावरची रेघ सुरुवातीला बरी होती आणि मग घाटासारखी खाली उतरत गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" हे म्हणाले, "नोकरीत होतो तेव्हापासून."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

आता मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होते. हे थोडं हसले. "सांगितलं असतं तर तू मोठ्याने बोलली असतीस. शाळेत दिवसभर तेच करतेस. घरी तरी घशाला आराम."

मला रडू आलं. ते बघून डॉक्टरांकडची बाई पाणी घेऊन आली. तिला वाटलं, तपासणी माझी होती.

कानातली यंत्रं आली. पहिले आठ दिवस हे घरभर फिरून आवाज शोधत होते. नळ गळतोय हे ह्यांनी सांगितलं. कुकरची शिट्टी किती वेळा होते ते मोजलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा हात पुढे केला, पण फोन काही माझ्याकडे आला नाही. आत जाऊन पोळ्या लाटल्या, भाजल्या, तरी बाहेर बोलणं चालूच होतं.

सिनेमा मात्र सोडला नाही. रफिकभाईंनी मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आणि अक्कांना आणि निर्मलाबाईंना बोलावून, चित्र बघत संवाद पुन्हा बोलायला लावले. या खेपेला हेडफोन रफिकभाईंच्या कानावर होते आणि चाकाला चिकटपट्टी लावलेली होती. खळ्यावर आपल्या मनाने काय काय बोललो हे अक्कांना आठवेना. मग मी त्यांना लिहिलेले माझेच संवाद दिले. ओठ कुठे आणि शब्द कुठे, असं होत होतं, पण एकही वाक्य मी कमी केलं नाही. दाराच्या त्या एका ओळीसाठी मात्र हे मध्ये पडले. "तिथे तिचंच राहू दे," म्हणाले. ती ओळ ह्यांना आठवत होती. ह्यांनी सांगितली आणि अक्का तशी बोलल्या.

शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. मुख्याध्यापक बोलले, मला पुष्पगुच्छ मिळाला, निर्मलाबाईंच्या सासूबाईंनी दोनदा डोळे पुसले. घरी आल्यावर मी ह्यांना चहा दिला आणि समोर बसले.

"कसा वाटला? खरं सांगा."

ह्यांनी कानातली यंत्रं नीट बसवली. वरिष्ठांना अहवाल द्यावा तसे सरळ बसले.

"चित्र चांगलं. अक्का चांगली. निर्मलाबाई ठीक."

"आणि संवाद?"

"थोडे कमी करता आले असते."

"कुठले?"

हे विचार करत राहिले. "अक्काची ती ओळ सोडून," म्हणाले, "बाकीचे."

सत्तावीस वर्षं मी लिहिलेलं प्रत्येक पान ह्यांना वाचून दाखवत आले आहे. प्रत्येक वेळी शेवटी हे मान डोलवायचे. आपलं लिखाण ह्यांच्या काळजाला भिडतं, अशी माझी पक्की समजूत होती.