बाभळीच्या फांद्यांपलीकडे आबा

टाळेबंदी लागली आणि आमच्या भावंडांमधलं प्रेम एकदम उफाळून आलं. दादा न्यू जर्सीत, धाकटी मेलबर्नला, मी बारामतीत. इतकी वर्षं आमचा संपर्क वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्यापुरता होता. आता रोज व्हिडिओ कॉल. वेळ दादाने ठरवली: त्याचं ऑफिस सुरू व्हायच्या आधी, धाकटी झोपायच्या आधी, म्हणजे माझ्याकडे नळाला पाणी यायच्या नेमक्या वेळी.

विषय एकच असे, आबा. साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी करून निवृत्त झालेले आमचे वडील आमच्या गावी, निरवांगीत, एकटे राहतात. चुलतभावाच्या घरून दोन वेळची भाकरी येते आणि रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला मी पोचवते. ही व्यवस्था मी लावली आहे आणि ती व्यवस्थित चालते. पण दादाने हात कसे धुवावेत याचा व्हिडिओ आबांना पाठवला. आबांचा फोन बटणांचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकटीने हळदीचं दूध घ्यायला सांगितलं. लहानपणी दुधावर साय दिसली की हीच पेला सरकवायची.

मग चुलतभावाने आमच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. गावाने रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली होती आणि फांद्यांमागे प्लास्टिकच्या खुर्चीत, तोंडाला टॉवेल गुंडाळून, गळ्यात शिट्टी अडकवून आबा बसले होते. त्या दिवशीच्या कॉलवर हाहाकार झाला. आबांना बारामतीला माझ्या फ्लॅटमध्ये आणायचं, असं दादाने मांडलं. धाकटीने हात वर केला. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर कोंडलं तर ते आठवड्यात आजारी पडतील.

"दोनास एक," दादा म्हणाला. "ठरलं."

मतं दोघांची, गाडी माझी. मी पास काढला, गोळ्या, साबण, आबांना आवडतात ती बिस्किटं पिशवीत भरली आणि निघाले.

मी फांद्यांपासून बऱ्याच अंतरावर असतानाच शिट्टी वाजली.

"थांब तितंच," आबा म्हणाले.

"आबा, मी आहे."

"दिसतंय. कुठनं आलीस?"

"बारामतीहून. आणखी कुठून येणार?"

"तितं रुग्ण हायत. आत न्हाय सोडायचं."

"पास आहे माझ्याकडे."

"पास रस्त्याचा हाय. गावाचा न्हाय."

शेजारी उभा चुलतभाऊ हसत होता. "ताई, काल सरपंचालाबी परत लावलंय. इंदापूरला जाऊन आलं हुतं. तुमी तर नुसती लेक."

पिशवी मला दगडावर ठेवायला लावली. मी मागे सरकल्यावर आबांनी लांब काठीने ती ओढून घेतली, आत डोकावून बिस्किटं पाहिली. कारखान्याच्या गेटवरही ते असेच डोकावून ट्रॅक्टर तपासायचे.

मी म्हटलं, "तुम्हाला बारामतीला न्यायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

उत्तर द्यायच्या ऐवजी मी कॉल लावला आणि स्पीकर लावून फोन लांबूनच त्यांच्याकडे धरला. दादा वयाबद्दल आणि धोक्याबद्दल बोलला. आवाज कंपनीत बोलतो तसा. धाकटी रडायलाच लागली. "आबा, आम्हाला इथे झोप लागत नाही हो."

"मग या की हितं," आबा म्हणाले.

धाकटीचं रडणं थांबलं.

"शाळेची खोली झाडून घेतलीय मी. भायेरनं येईल त्याला आधी तितं ऱ्हावं लागतंय. दोन खाटा हायत, माठ हाय. तुमच्या दोघांसाठी राखून ठिवू का?"

"विमानं बंद आहेत आबा," दादा म्हणाला.

"व्हय. चालू झाल्यावर या. मी काय हितनं हालत न्हाय."

"बघतो," दादा म्हणाला. त्याची मीटिंग सुरू होत होती. आबांना बारामतीला नेण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी गाडी वळवली. निकाल माझ्या बाजूने लागला होता, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

फांद्या निघाल्या, शाळा भरली. त्या दोन खाटा आबांच्या होत्या, त्या घरी आल्या आणि ओसरीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रोजचा कॉल आठवड्यावर आला, आठवड्याचा सणावर. आता पुन्हा केकची चित्रं येतात.

गोळ्या द्यायला गेले की आबा विचारतात, "विमानं चालू झाली का गं?" समोर टीव्ही चालू असतो आणि बातम्या ते माझ्यापेक्षा जास्त बघतात.

"झाली, आबा," मी म्हणते आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात देते. मग ते उठतात आणि खाटांवरची धूळ झटकतात.