गाफच्या सावलीतली वदीमा

उंट हलवायचा हुकूम आला तेव्हा गुबैशाची साठी जवळ आली होती. तवी गुवैफाच्या विहिरीवर तिचे एकोणचाळीस उंट होते. हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्यानं मांडी घालून तिच्या हातची कॉफी घेतली, एकामागून एक तीन पेले. मग हळूच सांगितलं, की हा सगळा मुलूख आता कुंपणात जाणार. लांब सरळ शिंगांची ती पांढरी हरणं, ओरिक्स, इथून केव्हाच संपली होती, ती पुन्हा सोडायची होती. उंट राहिले तर हरणांनी खायचं काय?

"माझे उंट इथं आजोबांच्याही आधीपासून आहेत," गुबैशा म्हणाली.

"खरंय मावशी. पण हरणं त्याच्याही आधीची."

गुबैशानं कॉफीची किटली मागे सरकवली. तिनं त्याला चौथा पेला काही विचारला नाही.

मोठ्या रस्त्यालगत तिला नवी जागा मिळाली. उंट गोठ्यात उभ्या उभ्या विकतचा चारा खाऊ लागले, आणि दोन वर्षांत तिचं मन त्यांच्यावरून उडालं. एकेक करून तिनं ते भावाकडे धाडून दिले आणि थोरल्या मुलाकडे, मतरकडे, राहायला आली. मतरच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की दुबईचे मनोरे दिसायचे. तिकडे पाठ करून ती बसायची.

मतर विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या खिडकीत बसत असे. कुंपणातलं ते राखीव वाळवंट लोकांसाठी खुलं झालं, त्याच्या कचेरीतले झाडून सगळे बायकामुलांना घेऊन हरणं पाहून आले, फोटो दाखवू लागले, तेव्हा त्यानं आईला चार-पाच वेळा विचारलं.

"तू सगळ्या जगाला देशात घेतोस," ती म्हणायची, "आणि तुझ्या आईला स्वतःच्या विहिरीवर जायला तिकीट काढावं लागतं. जा, तूच पाहून ये हरणं."

अशी अकरा वर्षं गेली. मग एका थंडीत मतरच्या धाकट्या मुलीची, मीराची, शाळेची सहल तिकडे जाऊन आली. दुपारी खजुराच्या रसातली गोड पोळी खाता खाता ती आजीला हरणांच्या, घोरपडींच्या गोष्टी सांगत होती.

"आणि आजी, तिथं बुजलेली एक विहीर आहे आणि भलं मोठं गाफचं झाड. तिथल्या ताई म्हणाल्या, पुढच्या वेळी याल तेव्हा इथं टेबलं असतील, डबा इथंच खायचा."

गुबैशानं हातातला खजूर परत ताटलीत ठेवला.

"मतर," तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "उद्या सुट्टी काढ. मला तिकडे न्यायचं."

फाटकावर त्यांना अफ्रा भेटली. तिशीतली, उन्हानं रापलेली, डोक्यावरच्या ओढणीवर टोपी चढवलेली. पाहुण्यांना फिरवायचं, हरणं मोजायची, जखमी पाखरं उचलून आणायची, ही सगळी तिचीच कामं. गाडी तीच चालवत होती. वाटेत तिनं हरणांचा कळप दाखवला, वाळूत पाय मुडपून बसलेलं घुबड दाखवलं. मतर भराभर फोटो काढत होता. गुबैशाचं लक्ष हरणांकडे नव्हतंच. टेकड्यांच्या उतारावर गुडघाभर गवत उभं होतं, आणि ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"हे गवत मी सात-आठ वर्षांची असताना पाहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पाऊस कमी झाला म्हणून गेलं."

अफ्रानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. बोलावं की नाही, असं तिला झालं असावं.

"पाऊस आताही तेवढाच आहे, मावशी."

"कळलं ग. माझ्याच उंटांनी खाल्लं." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "माझ्याच."

गाफ म्हणजे आपल्याकडची शमी. उंट जिथवर मान पोचेल तिथवर तिला ओरबाडतात, म्हणून माणसांच्या वस्तीजवळची गाफ खालून कापल्यासारखी सपाट दिसते. तवी गुवैफाची गाफ गुबैशानं जन्मभर तशीच पाहिली होती. आता तिच्या फांद्या चहूबाजूंनी वाळूला टेकल्या होत्या, बुंधा दिसतच नव्हता. भोवतीनं टेबलांची जागा आखायला लाल फिती बांधलेल्या खुंट्या मारलेल्या होत्या.

गाडी पुरती थांबायच्या आत गुबैशा उतरली. एक फेरी मारून तिनं विहिरीकडच्या अंगाची फांदी उचलली, वाकली, आणि आत शिरली.

"आई! साप असेल! अगं, कपडे फाटतील!"

आतून पाचोळ्याची सळसळ आली. मतर पोट सावरत मागोमाग शिरला. आई वाळूत बसली होती, तोंडावरचा मुखपट्टा तिनं काढून मांडीवर ठेवला होता. समोर हातभर अंतरावर दोन दगड उभे होते, अर्धे वाळूत गेलेले. ती हलक्या हातानं पाचोळा बाजूला करत होती.

"चल ना, आई. त्या बाईला पुढे आणखी पाहुणे असतील."

"असू देत."

"लोक काय म्हणतील? पासपोर्टवाल्याची आई झाडाखाली ठिय्या देऊन बसली!"

"मतर, मला लोक काय म्हणून हाक मारतात?"

"काय म्हणजे? उम्म मतर. मतरची आई."

"तुझ्या आधी चार वर्षं मला उम्म वदीमा म्हणत होते."

मतर उकिडवा होता, तो खालीच बसला. फांदीपलीकडे अफ्राची पावलं थांबली.

गुबैशानं सांगितलं ते फार लांब नव्हतं. उन्हाळा होता. पुरुषमाणसं तेलाच्या कामावर गेलेली. पोरीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. पहाटे तिनं पोरीला उंटावर पुढ्यात बांधलं आणि किनाऱ्यावरच्या दवाखान्याकडे निघाली, दोन दिवसांची वाट. ऊन चढायच्या आत पोरीची मान तिच्या हातावर कलंडली. ती परत फिरली. एका म्हाताऱ्या शेजारणीनं आणि तिनं मिळून सावलीत खणलं, कारण उन्हातली वाळू हाताला सोसत नव्हती. नवरा दीड महिन्यानं आला. तो म्हणाला, देवाची ठेव देवानं नेली, आता बोलायचं नाही.

"मग तू झालास. मग कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "उंट चारायला यायची तेव्हा रोज इथं टेकायची. कुंपण झाल्यावर वाटलं, फाटकावर काय सांगू? कुणाकडे जायचंय म्हणून?"

मतरला रडू आलं, आणि बहिणीसाठी रडावं की आईसाठी, हेही त्याला समजेना. त्यानं ओंजळ पसरून मृतासाठीची प्रार्थना, फातिहा, म्हटली. बाहेर अफ्राही हळू आवाजात म्हणत होती. मग तिनं एकेक करून खुंट्या उपटायला सुरुवात केली.

"तुमच्या साहेबांना विचारलंत का?" मतर डोळे पुसत बाहेर आला.

"विचारते. आधी उपटते."

साहेबांनी मात्र चौकशी लावली. तीन माणसं आली. कागद काही आहे का, साक्षीदार कोण, असं त्यांनी विचारलं. शेजारीण तीस वर्षांपूर्वीच वारली होती. गुबैशानं त्यांना फांदीखाली नेलं, डोकं कोणत्या बाजूला, पाय कोणत्या बाजूला, ते दाखवलं. तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, होईल अशीच ती मांडणी होती. त्यांतल्या सर्वांत वयस्क माणसानं दगडांकडे पाहिलं, कागदांची फाईल मिटली आणि म्हणाला, "टेबलं उत्तरेला घ्या. गाड्यांची वाटही."

पुढच्या दोन हिवाळ्यांत गुबैशा महिन्यातून एकदा तरी गेली. अफ्राला वनस्पतींची पुस्तकी नावं येत होती. कोणती मुळी पोटदुखीवर, कोणतं पान उंटिणीचं दूध कडू करतं, ते गुबैशा सांगायची. अफ्रा लिहून घ्यायची. कधी चिडवायचीही.

"मावशी, हे पण तुमच्या उंटांनी खाल्लं होतं ना?"

"हे नाही. याला ते तोंड लावत नाहीत. तुझ्यापेक्षा शहाणे होते."

एकदा परतीच्या वाटेवर मतरनं विचारलं, "आई, कशी दिसायची गं ती?"

गुबैशानं बराच वेळ आठवून पाहिलं.

"चेहरा नाही आठवत, मतर. खूप दिवस झाले नाही आठवत. पण कडेवर घेतल्यावर किती जड लागायची, ते आठवतं."

तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं आणि शहरातल्या इस्पितळात ती वारली. गाफखाली जागा मिळावी म्हणून मतरनं अर्ज केला होता. नियमात बसत नव्हतं. त्यानं वाद घातला नाही; दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर शहराच्या कबरस्तानात इतरांच्या ओळीत तिला ठेवलं. अफ्रा कामाच्या कपड्यांतच घरी आली आणि बायकांत बसली. कुणीतरी ती कोण म्हणून विचारलं, तेव्हा मीरानं सांगितलं, "ही आजीची मैत्रीण."

हवा थंड झाली की मतर मुलींना घेऊन तिकडे जातो. नवी वाट लांबून जाते. जिथून झाड दिसतं तिथं तो गाडी बंद करतो, आणि मुली विचारतील तेवढं सांगतो.